एकावर एक दोन पंख कशासाठी?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ओशकोश नावाचं गाव आहे. तिथल्या विमानतळावर दरवर्षी जुलैच्या अखेरीस हजारो लहान विमानं उतरतात. माणसं स्वतःचं विमान घेऊन येतात, गवतावर लावतात, पंखाखाली तंबू ठोकतात आणि आठवडाभर मुक्काम करतात. तिकीट काढून कसरती बघायच्या, एवढाच तो मामला नसतो. आपलं विमान दाखवायचं, दुसऱ्याचं बघायचं आणि रात्री इंजिनांवरून वाद घालायचा. अशा मेळाव्याला फ्लाय-इन म्हणतात. इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्गला तर १९७२ पासून दर सप्टेंबरात फक्त स्टियरमन या दुपंखी विमानांचा मेळा भरतो. इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डन या गावी गवताच्या धावपट्टीवर शटलवर्थ संग्रहातली जुनी विमानं उडतात. त्यातली सगळ्यात म्हातारी विमानं वारा पार पडला तरच हँगरबाहेर निघतात. लोक कितीही लांबून आलेले असोत, वारा असेल तर नाही म्हणजे नाही.

या मेळाव्यांचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट लक्षात येते. बायप्लेनभोवतीची, म्हणजे दुपंखी विमानाभोवतीची माणसं लांब उभी राहून बघत नाहीत. ती वाकून पंखाखाली शिरतात, मालकाला विचारून तारेला हात लावतात, कापडावर टिचकी मारतात. जेट विमानाच्या पोटाखाली शिरून काही कळत नाही, सगळं पत्र्याआड झाकलेलं असतं. बायप्लेनचं मात्र सगळं उघड्यावर असतं. कुठला भाग कशासाठी आहे हे कुणी सांगितलं, तर उभ्या उभ्या समजतं. तेच इथं सांगायचं आहे.

आपल्याकडे मराठवाड्यात जुन्या विमानांचा असा मेळा भरत नाही. संभाजीनगरबाहेरच्या एका मुरमाड माळावर हिवाळ्यात रविवारी सकाळी मॉडेल विमानं उडवणारी मंडळी मात्र जमतात. कुणी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतं, कुणाचं वाळूजला वर्कशॉप आहे, कुणाला नुसता नाद आहे. मध्ये एकानं टायगर मॉथचं मॉडेल आणलं होतं, पिवळंधमक, दोन पंखांच्या मध्ये खऱ्यासारख्या तारा ओढलेलं. शेळ्या सोडून बघायला आलेल्या एका पोरानं विचारलं, “काका, डबल पंख हायत, म्हंजी डबल वजन उचलतंय का?” काका बॅटरी जोडण्यात गुंतले होते. “न्हाई रे,” एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला. प्रश्न मात्र नेमका होता, आणि त्याचं उत्तर तीन शब्दांत मावणारं नाही.

उचल येते कुठून

पंख पुढे सरकताना हवेला खाली ढकलतो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर उचलते. ही उचल मुख्यतः चार गोष्टींवर ठरते: पंखाचं क्षेत्रफळ किती, वेग किती, हवा किती दाट आणि पंख हवेला किती तिरका धरलाय. यात वेगाचा हिशेब वर्गाचा आहे. वेग दुप्पट केला की उचल चौपट होते. म्हणजे जोरदार इंजिन असेल तर छोट्या पंखावर भागतं. इंजिन कमजोर असेल तर वेग मिळत नाही, मग पंख मोठा करण्यावाचून गत्यंतर नाही.

१७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान उडालं तेव्हा त्याच्या इंजिनाची ताकद होती साधारण १२ हॉर्सपॉवर. आज रस्त्यावर धावणाऱ्या साडेतीनशे सीसी बुलेटची ताकद वीसच्या आसपास असते. त्या १२ हॉर्सपॉवरवर माणसासकट सुमारे ३४० किलो वजन उचलायचं होतं, म्हणून पंखांचं क्षेत्रफळ ठेवावं लागलं जवळपास ४७ चौरस मीटर. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, ३६ मीटरच्या आसपास.

पंखाच्या एका चौरस मीटरवर किती किलो वजन येतं, हा आकडा धरून बघितलं की जुन्या-नव्यातला फरक डोळ्यांत भरतो. टायगर मॉथ हे १९३१ सालचं ब्रिटिश शिकाऊ विमान. भरलेल्या अवस्थेत वजन साधारण ८२८ किलो आणि पंख २२ चौरस मीटर. म्हणजे मीटरमागे ३७ किलो. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर रोज उतरतं तसलं एअरबस ए-३२० पूर्ण भरलं की ७८ टनांपर्यंत जातं आणि पंख सुमारे १२२ चौरस मीटर. मीटरमागे सव्वासहाशे किलोंच्या वर. त्यामुळे एअरबसला जमीन सोडायला प्रचंड वेग लागतो, तर टायगर मॉथ ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपासही हवेत टिकून राहतं. ST सुद्धा मोकळ्या रस्त्यावर तेवढी पळते.

मग एकच लांब पंख का नाही?

क्षेत्रफळच हवं असेल तर एकच लांबलचक पंख लावता आला असता. अडचण वाकण्याची होती. पंख म्हणजे एका टोकाला धरून ठेवलेला दांडा. तो जितका लांब, तितका मुळाशी मोडायचा जोर जास्त. मोडू नये म्हणून आतला मुख्य दांडा, ज्याला स्पार म्हणतात, खोल करावा लागतो. खोल स्पार मावायला पंख जाड हवा. इथंच त्या काळच्या समजुतीनं घोळ घातला. सुरुवातीचे प्रयोग छोट्या मॉडेलांवर आणि कमी वेगाला झाले होते. तिथं पातळ पंखच सरस ठरत. मोठ्या पंखाला आणि जास्त वेगाला हा निष्कर्ष तसाच लागू पडत नाही, हे पुढं कळलं. पण तोवर जो तो पातळ पंखच बनवत होता आणि पातळ पंखात दणकट स्पार बसत नव्हता.

तोडगा आला पूल बांधणाऱ्याकडून. ऑक्टेव्ह शानूट हे अमेरिकेतले नावाजलेले स्थापत्य अभियंते. मिसुरी नदीवरचा १८६९ चा हॅनिबल पूल त्यांच्या नावावर आहे. उडण्याचं वेड त्यांना जुनंच होतं. १८९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक दुपंखी ग्लायडर उभं केलं, आणि त्याची बांधणी सरळ रेल्वेच्या लोखंडी पुलावरून उचलली. वर एक आडवा पट्टा, खाली एक आडवा पट्टा, मध्ये उभे खांब आणि प्रत्येक चौकटीत तिरप्या तारा. या रचनेला प्रॅट ट्रस म्हणतात. वरचा-खालचा पट्टा म्हणजे दोन पंख, इतकंच. राइट बंधूंचा शानूट यांच्याशी पत्रव्यवहार होता आणि त्यांच्या विमानातही हीच चौकट आली.

त्यामुळे बायप्लेनजवळ गेलात तर आधी तारांकडे बघा. दोन प्रकारच्या तारा दिसतील. विमानाच्या अंगापासून, म्हणजे खालच्या पंखाच्या मुळापासून, तिरप्या वर जाऊन वरच्या पंखाला धरणाऱ्या तारांना फ्लाइंग वायर म्हणतात. हवेत असताना पंख वर उचलले जातात, तेव्हा सगळा ताण या तारा घेतात. म्हणून बऱ्याच विमानांत त्या जोडीनं लावलेल्या असतात. वरच्या पंखाच्या मध्यापासून तिरप्या खाली जाऊन खालच्या पंखाला धरतात त्या लँडिंग वायर. जमिनीवर उभं असताना पंख स्वतःच्या वजनानं खाली लोंबतात, ते वजन या तारांवर येतं. उभे खांब दाब सहन करतात, तारा ताण सहन करतात. एवढं समजलं की बायप्लेनची निम्मी ओळख झाली.

या चौकटीचा फायदा असा की वजन कमी आणि ताठरपणा भरपूर. पंख आखूड राहतात, त्यामुळे विमान कुशीवर चटकन वळतं. आजही कसरतींसाठी बनवलेलं पिट्स स्पेशल दुपंखीच आहे, ते याच कारणानं. तोटाही आहे. प्रत्येक तार योग्य ताणावर बसवावी लागते. हे काम करणाऱ्या माणसाला रिगर म्हणतात. एका बाजूची तार जरा सैल, दुसरी जरा कडक राहिली की पंख किंचित पिळतो आणि विमान सारखं एका अंगाला ओढतं. मग वैमानिक उतरल्यावर रिगरच्या नावानं ओरडतो.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. दोन पंखांनी दुप्पट उचल मिळत नाही, कारण पंख एकमेकांच्या कामात लुडबूड करतात. पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो, खालच्या अंगाला वाढतो. वरच्या पंखाखालचा जास्त दाब आणि खालच्या पंखावरचा कमी दाब समोरासमोर आले की दोघांचंही थोडं थोडं नुकसान होतं. दोन्हींत अंतर वाढवलं तर नुकसान घटतं, पण खांब लांब आणि तारा जास्त लागतात. म्हणून पंखाच्या रुंदीइतकं अंतर ठेवायचा साधारण रिवाज पडला. बहुतेक विमानांत वरचा पंख थोडा पुढे सरकवलेला दिसेल, त्यानंही लुडबूड थोडी घटते. टायगर मॉथमध्ये वरच्या पंखाचा मधला भाग पुढे घेण्यामागे आणखी एक व्यवहारी कारण होतं. पुढच्या सीटवर शिक्षक बसायचा, आणि वेळ आली तर त्याला पॅराशूटसह पंखात न अडकता बाहेर पडता यायला हवं होतं. पंख पुढे नेल्यानं तोल बिघडला, म्हणून मग ते मागच्या दिशेला झुकते केले. टायगर मॉथचे पंख मागे कललेले दिसतात ते वेगासाठी नाहीत, या शिक्षकासाठी आहेत.

कापड, लाकूड आणि ऊन

टायगर मॉथच्या पंखात लाकडाचा सांगाडा असतो आणि वरून कापड. पूर्वी आयर्लंडचं तागाचं कापड वापरत, आता बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टर. कापड सांगाड्यावर ओढून बसवतात, प्रत्येक फासळीला मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवतात, शिवणीवर करवती कात्रीनं कापलेली पट्टी चिकटवतात. नुसतं कापड ढिलंच राहतं. जुन्या तागावर डोप नावाचं रसायन लावलं की ते सुकताना कापड आवळतं. पॉलिएस्टर मात्र उष्णतेनं आवळतं, त्यावर मोजून-मापून गरम इस्त्री फिरवतात. हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर धरून कातडं तापवतात, तसंच. नीट आवळलेल्या पंखावर टिचकी मारली की टणक, मोकळा आवाज येतो. मेळाव्यातली माणसं टिचकी मारतात ती उगाच नव्हे. आवाज मेलेला आला तर कापड सैल पडलंय किंवा कुजत चाललंय.

कापडाचा खरा शत्रू ऊन. सूर्याच्या अतिनील किरणांनी धागा आतून कमजोर होतो, वरून मात्र रंग चकचकीतच दिसतो. म्हणून रंगाच्या खाली ॲल्युमिनियमची पूड घातलेला चंदेरी थर देतात, तो ऊन परतवतो. मराठवाड्यातल्या मार्च ते मे महिन्यांतलं ऊन बघता इथं असं विमान ठेवायचं तर पहिला खर्च हँगरचा. जुन्या सांध्यांना लावलेला डिंकही नाजूक प्रकरण. कित्येक विमानांत दुधातल्या केसीनपासून बनवलेला डिंक असायचा, आणि ओल लागली की त्याला बुरशी धरते. थोडक्यात, उन्हात कापड जातं, पावसात सांधे जातात.

इंजिन आणि एरंडेल

पहिल्या महायुद्धातल्या कित्येक बायप्लेनमध्ये रोटरी इंजिन असे. त्यात मधला दांडा जागच्या जागी राही आणि सिलिंडरांचं सगळं कोंडाळं पुढच्या पंख्यासकट, म्हणजे प्रोपेलरसकट गरगर फिरे. यात वंगण म्हणून वापरायचे एरंडेल! कारण साधं होतं. या इंजिनात पेट्रोल आणि तेल एकाच पोकळीतून जात, आणि एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे त्याचा वंगणपणा टिकतो. जळून न संपलेलं तेल बाहेर उडायचं, थेट वैमानिकाच्या तोंडावर. एरंडेल पोटात गेलं की काय होतं हे आपल्याकडच्या आज्यांना ठाऊक आहे, तेच त्या वैमानिकांचंही व्हायचं. हरदित सिंग मलिक हे त्या युद्धात सॉपविथ कॅमल या बायप्लेनवर लढलेले भारतीय, त्यांचं इंजिन असंच रोटरी. त्याच युद्धातले दुसरे भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय एसई-५ए वर लढले. तेही बायप्लेनच, पण त्याचं इंजिन पाण्यानं थंड होणारं, न फिरणारं.

टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन त्या मानानं सभ्य. चार सिलिंडर, १३० हॉर्सपॉवर, हवेनं थंड होणारं, आणि सिलिंडर उलटे, खाली तोंड करून लटकवलेले. त्यामुळे पंख्याचा मध्य वर येतो आणि समोरचं जरा बरं दिसतं. तेल मात्र गळतंच. इंजिनाखाली तेलाचा डाग नसेल तर टाकीत तेलच नसेल, असा विनोद जुने मेकॅनिक करतात.

स्टार्टर नाही. पंखा हातानं फिरवावा लागतो, आणि यासाठी आत बसलेला व बाहेर उभा असलेला यांच्यात ठरलेली सवाल-जवाबाची रीत आहे. बाहेरचा विचारतो, “स्विच ऑफ?” आतला तेच परत म्हणतो. मग पंखा चार-दोन वेळा हळू फिरवून सिलिंडरांत पेट्रोल ओढून घेतात. मग बाहेरचा म्हणतो, “कॉन्टॅक्ट!” आतला स्विच चालू करून तेच ओरडतो, आणि बाहेरचा पंख्याला झटका देऊन त्याच झोकात मागे सरतो. प्रत्येक शब्द परत म्हणायचा, कारण ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच चालू राहिला असेल तर नुसता हात लागून पंखा फिरला तरी इंजिन पेटू शकतं, आणि पुढे उभ्या माणसाचा हात जाऊ शकतो.

निजामाच्या तिजोरीतली बायप्लेनं

बायप्लेनचा आणि मराठवाड्याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे आणि तो पैशाचा आहे. पहिल्या महायुद्धात हैदराबादच्या निजामानं ब्रिटिशांना एका अख्ख्या स्क्वाड्रनची विमानं घेऊन दिली. डीएच-९ए जातीची, ४०० हॉर्सपॉवरच्या लिबर्टी इंजिनाची, दुपंखी बॉम्बफेकी विमानं. त्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला हैदराबाद हेच नाव मिळालं आणि विमानांवर निजामानं दिल्याचा मजकूर रंगवला गेला. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची तिजोरी रयतेच्या साऱ्यावर भरायची. त्यामुळे १९१८ च्या शरद ऋतूत जर्मनीवर गेलेल्या त्या विमानांत इथल्या ज्वारी-कापसाचाही वाटा होता, असं म्हणायला हरकत नाही. रयतेला मात्र कुणी विचारलेलं नव्हतं.

त्यातलं एफ-१०१० हे विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं. ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं, दुसऱ्या महायुद्धात पोलंडला हलवलं, आणि १९७७ मध्ये ब्रिटनला परत मिळालं. ते लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये गेलं.

गोष्ट इथं थांबत नाही. युद्धानंतर ब्रिटिशांकडे डीएच-९ए चे सुटे भाग ढिगानं उरले होते. म्हणून पुढचं विमान बनवताना अट घातली की जुने भाग जमेल तितके वापरा. त्यातून वेस्टलँड वापिटी हे बायप्लेन आलं. ८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय वायुदल स्थापन झालं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती चार वापिटींवर. म्हणजे निजामानं विकत घेऊन दिलेल्या विमानाचीच पुढची पिढी आपल्या वायुदलाचं पहिलं विमान ठरली. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात एक वापिटी आहे, बघून घ्यावी. वायुदलानं एक टायगर मॉथही दुरुस्त करून उडतं केलं आणि २०१२ च्या वायुदल दिनाला ते हवेत दिसलं.

जाता जाता एक गोंधळ निस्तरतो. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते विमान बायप्लेन नव्हतं, पस मॉथ हे एकपंखी होतं. बायप्लेनचा किस्सा त्याआधीचा, १९३० चा. इंग्लंड-भारत अंतर एकट्यानं कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. जेआरडी इकडून निघाले, अस्पी इंजिनिअर तिकडून, दोघेही जिप्सी मॉथ या बायप्लेनमध्ये. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग दिले, आणि बक्षीस अस्पींनी नेलं. पुढे अस्पी वायुदलप्रमुख झाले.

मागे का पडलं

ज्या तारांनी बायप्लेनला उभं केलं, त्यांनीच त्याला मागे खेचलं. गोल तार हवेला फार वाईट अडवते. तारेमागे हवेचे भोवरे सुटतात आणि ते तारेला मागे ओढतात. हिशेब असा की ६ मिलिमीटर जाडीची गोल तार हवेला जितकं अडवते, जवळपास तितकंच अडवणारा माशासारख्या निमुळत्या आकाराचा खांब ६ सेंटिमीटर जाड असू शकतो! दसपट जाड आणि ओढ तेवढीच. म्हणून पुढं तारासुद्धा चपट्या, निमुळत्या बनवू लागले. तरी खांब, गाठी, उघडी चाकं, काचेबाहेर डोकावणारं डोकं, हे सगळं राहिलंच.

कमी वेगाला हे चालून जातं. पण हवेची ओढही वेगाच्या वर्गानं वाढते आणि लागणारी ताकद घनानं. वेग दुप्पट करायचा तर आठपट ताकद हवी. १९३७ मध्ये ब्रिटिश वायुदलात आलेलं ग्लॉस्टर ग्लॅडिएटर हे त्यांचं शेवटचं दुपंखी लढाऊ विमान. साधारण ८३० हॉर्सपॉवरवर ताशी ४०० किलोमीटर. वर्षभरानं आलेलं एकपंखी स्पिटफायर साधारण १,०३० हॉर्सपॉवरवर ताशी ५८० च्या घरात. ताकद पाव हिश्शानं वाढली आणि वेग पावणेदोनशेनं. तारा, खांब आणि बाहेर लोंबणारी चाकं गेली, त्याचा हा परिणाम.

एकपंखी विमानं आधीही होती. १९१२ मध्ये एकामागून एक अपघात झाल्यावर ब्रिटिश लष्करानं काही महिने एकपंखी विमानांवर बंदीच घातली होती. तेव्हा ते चूक नव्हतं, कारण पातळ पंखाचं एकपंखी विमान खरंच मोडत होतं. १९१५ मध्ये जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी जाड पंखाचं, बाहेरून एकही तार नसलेलं, पूर्ण धातूचं विमान उडवलं, आणि बायप्लेनची मुदत ठरून गेली. ती संपायला मात्र वीस वर्षं लागली.

जिथं हळू उडणं हाच गुण आहे तिथं बायप्लेन त्यानंतरही टिकलं. २६ मे १९४१ ला स्वॉर्डफिश या कापडी बायप्लेनांनी टाकलेल्या टॉर्पेडोनं बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू जखडलं, आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली. सोव्हिएत महिला वैमानिकांनी रात्री पीओ-२ वर जाऊन बॉम्ब टाकले. त्यांचा वेग इतका कमी की जर्मन लढाऊ विमानांना त्यांच्या मागे लागणं अवघड जाई. स्टियरमन युद्धानंतर शेतावर औषध फवारू लागली. १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं एएन-२ हे १,००० हॉर्सपॉवरचं बायप्लेन तर १८ हजारांहून जास्त बनलं.

आपल्या उन्हात असं विमान

मराठवाड्यात टायगर मॉथ उडवायचं ठरलं तर पहिला विरोध हवेकडून होईल. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी, पंख्याला पकड कमी आणि इंजिनाला प्राणवायू कमी, असा तिहेरी फटका बसतो. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर. डिसेंबरच्या सकाळी पारा १२ अंशांवर असला तर विमानाला ते ५८० मीटरच वाटतं. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर गेला की तीच हवा साधारण १,७०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे विमानाच्या लेखी तुम्ही धावपट्टीवरून नाही, कळसूबाईच्याही वरून निघालात. इंजिनाची सुमारे १५ टक्के ताकद गेली, आणि जमीन सोडायला जवळपास ९ टक्के जास्त वेग लागणार. टायगर मॉथ मुळात मिनिटाला दोनशेक मीटरच चढतं, तेही समुद्रसपाटीवर. त्यामुळे जी काय मजा करायची ती हिवाळ्यात आणि सकाळी. माळावरची मॉडेलवाली मंडळी उन्हं वर यायच्या आत गाशा गुंडाळतात, तो शहाणपणा इथंही लागू.

दुसरा विरोध जमिनीचा. टायगर मॉथला मागे चाक नाही, लोखंडी टाच आहे, आणि ब्रेक नाहीत. गवतावर टाच रुतत घासते, तोच ब्रेक. काळ्या रानात पावसाळ्यात चाकं रुततील, उन्हाळ्यात भेगांत अडकतील. मुरमाड माळ उत्तम, दगड वेचलेले असले की झालं. डांबरी धावपट्टीवर टाच नुसती घसरते. त्यात वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो, म्हणून उतरल्यावर शेपूट जरा तिरकी झाली की ती पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. जमिनीवर चालवताना नाक वर असल्यानं समोरचं दिसतही नाही. वैमानिक नागमोडी जातो आणि आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी डोकावतो.

तरी समजा परवानग्या मिळाल्या. आपल्याकडे उड्डाणाला फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाची मंजुरी लागतेच. पिस्टन इंजिनाचं विमानी पेट्रोलही मिळालं. समजा जुहूहून चिकलठाण्याला यायचं आहे. सरळ रेषेत अंतर साधारण २८० किलोमीटर. ही रेषा हरिश्चंद्रगडाच्या अंगावरून जाते, म्हणून घाट ओलांडायला आधीपासून उंची कमवत यायचं. पुढे श्रीरामपूर, मग गोदावरी, मग गंगापूर. वाटेत डाव्या हाताला शिर्डीचा विमानतळ, अडचण आली तर तिथं. ताशी १४५ नं दोन तास लागावेत, पण हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे तोंडावर. ताशी २० चा वारा धरला तर सव्वादोन तास. तासाला ३० लिटरनं ६७ लिटर पेट्रोल गेलं. टाकी ८६ लिटरची, आणि ती वरच्या पंखाच्या मध्यावर, वैमानिकाच्या डोक्यापुढे. मोजपट्टी म्हणजे टाकीवरच्या काचेच्या नळीत वर-खाली होणारा तरंगता काटा, तो सीटवरूनच दिसतो. चिकलठाण्याला पोचाल तेव्हा हातात अर्ध्या तासाहून थोडं जास्त पेट्रोल उरेल. उतरल्यावर डांबरावर ते थांबणार नाही, तेव्हा पंखांची टोकं धरायला दोन माणसं आधीच उभी करून ठेवा, आणि मागून एअरबस येत असेल तर जरा पळणारी बघा.